बाकीपोटी

पाकीट आलं तेव्हा कौलवाल्याची बायको पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी होती. माती तुडवताना मध्येच बाहेर यायचं नसतं. ती एकदा आवळली की पुन्हा पहिल्यापासून पाणी शिंपडत बसावं लागतं. म्हणून पोस्टमनने पाकीट कुंपणावर ठेवलं, वर एक फुटकं कौल दाबलं आणि तो गेला. ती तुडवत राहिली, पण नजर पाकिटावरून हलेना. लांबट, पांढरं, खिडकीवालं. चांगली बातमी कुणी खिडकीच्या पाकिटात घालून पाठवत नाही, एवढं तिला कळत होतं.

माती लोण्यासारखी झाल्यावरच ती बाहेर आली. हात धुतले आणि उभ्याउभ्याच पत्र दोनदा वाचलं. तिचं वाचन सावकाश होतं, पण एकही अक्षर सुटत नसे.

नवरा साच्यावर बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "काय आहे?"

"जुनं घर," ती म्हणाली.

त्याचा हात साच्यावरच थांबला.

जुनं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे अंगण. ही भट्टी उभी करायला त्यांनी ते बँकेकडे गहाण टाकलं होतं. दोन वर्षं हप्ते वेळेवर गेले. तिसऱ्या वर्षी भट्टीची भिंत भरल्या मालासकट ढासळली, हप्ते थकले आणि बँकेने घर लिलावात काढलं. ते गेलं निम्म्या किमतीला. घर गेलं, पण कर्जातली बाकी मागे उरली. बँकेची दोन पत्रं आली आणि मग सगळं गप्प झालं. ही मंडळी भट्टीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आली, भिंत पुन्हा बांधली आणि मातीत राबत राहिली. आता पत्रात लिहिलं होतं की बँकेने ते कर्ज एका कंपनीला विकलं आहे, आणि ही कंपनी व्याजासकट वसूल करणार आहे. आकडा असा होता की शेड, भट्टी आणि मातीचा खड्डा तिन्ही विकूनही तो भागला नसता.

वन्संनी, म्हणजे कौलवाल्याच्या थोरल्या विधवा बहिणीने, सावलीतली ओली कौलं उलटवता उलटवता सगळं ऐकलं. "कर्ज विकतात?" त्या म्हणाल्या. "विकायलाच काढलं होतं तर आपल्याला नाही का विचारायचं? आपण घेतलं असतं स्वस्तात."

कुणी हसलं नाही. कौलवाला म्हणाला, "देणं आहे ते द्यायचं. मी कुठे नाही म्हणतोय?"

"कशातून द्यायचं?" बायकोने विचारलं.

त्याने साच्यातलं कौल काढून फळीवर ठेवलं आणि पुढचा गोळा घेतला. अडचणीचा प्रश्न आला की हा माणूस कामाला लागत असे.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून वसुलीवाला आला. पांढरा स्वच्छ शर्ट आणि आवाज इतका मऊ की वन्संनी जागच्या जागी त्याचं नाव 'लोणी' ठेवून टाकलं. त्याने भट्टीचं कौतुक केलं, कौलांचं केलं, वन्संनी दिलेल्या पाण्याचंसुद्धा केलं.

"घाई काहीच नाही, मालक," तो म्हणाला. "आकडा बघून घाबरू नका. आज एक छोटा हप्ता द्या, चहापाण्याला लागतो तेवढा. तुमची नियत दिसली की वर मी सांभाळून घेतो. आणि इथे एक सही."

'मालक' शब्दाने कौलवाला पार विरघळला. घर गेल्यापासून, या बारा वर्षांत, त्याला कुणी मालक म्हटलं नव्हतं. त्याचा हात खिशाकडे गेला तेवढ्यात बायको मध्ये पडली. "डबा रिकामा आहे. पुढल्या आठवड्यात या."

"अगं, आहेत थोडे," नवरा म्हणाला.

"नाहीत," ती म्हणाली, आणि अशा नजरेने म्हणाली की त्याने हात खाली घेतला. पाहुण्यासमोर बायकोने खोटं पाडलं म्हणून तो संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला नाही. तिला मात्र एकच गोष्ट खुपत होती. डोंगराएवढा आकडा वसूल करायला निघालेला माणूस चहाच्या पैशांसाठी एवढ्या लांब का येईल?

शहरातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आठवड्यातून दोनदा एक सल्लागार बाई बसते, कर्जाचं आणि घराचं फुकट सांगते, असं तिला एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. नवरा म्हणाला, "फुकट सांगणाऱ्याचं काय ऐकायचं?" तरी ती गेली. जुने कागद पिठाच्या पिशवीत घालून बसने गेली. निघताना पाय घासून घासून धुतले होते, पण टाचांच्या भेगांत बसलेली माती कसली निघते! जिन्यावर झाडू मारणाऱ्याने आधी तिच्या पायांकडे पाहिलं आणि मग आपल्या पुसलेल्या पायऱ्यांकडे. ती कडेकडेने चढली.

टेबलामागची बाई पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने 'काळजी करू नका' म्हटलं नाही, की चहा विचारला नाही. सगळे कागद तारखेप्रमाणे लावले आणि मग बोलली.

"कर्ज घेतलं होतं ना?"

"घेतलं होतं."

"मग देणं खरं आहे. ते खोटं आहे असं मी सांगणार नाही." तिने एक पिवळी पडलेली पावती वेगळी काढली. "हा तुमचा शेवटचा भरणा. यानंतर तुम्ही काही दिलंय? काही लिहून दिलंय?"

"नाही."

"नीट आठवा."

"नाही दिलं. द्यायला होतं काय?"

"मग ऐका. असं देणं वसूल करायला बारा वर्षांची मुदत असते. तेवढ्यात त्यांनी दावा लावला नाही, तर पुढे कोर्ट त्यांचं ऐकत नाही. तुमची बारा वर्षं पुरी व्हायला अकरा दिवस उरलेत." तिने बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. "हो, अकरा. मधल्या काळात तुम्ही त्यापोटी काही दिलंत, अगदी थोडंसं, किंवा देणं मान्य म्हणून काही सही करून दिलंत, तर मुदत त्या दिवसापासून पुन्हा सुरू. आणखी बारा वर्षं."

"म्हणून तो चहाचे पैसे मागत होता," कौलवाल्याची बायको म्हणाली.

"दाव्याला खर्च येतो. सही फुकट मिळते."

"आणि या अकरा दिवसांत त्यांनी दावा लावला तर?"

"तर भट्टीची जागा जाऊ शकते. लावतील की नाही, मला माहीत नाही."

"तुम्ही असता तर काय केलं असतं?"

बाईने कागद पुन्हा पिशवीत भरले. "मी त्यांची नाही तशी तुमचीही नाही. काय केलं तर काय होईल, एवढं मी सांगते. ठरवायचं तुम्ही."

बसमध्ये तिला त्या बाईचा जरा रागच आला. माणसाने थोडं तरी आपल्या बाजूने बोलावं. पण घर जवळ आलं तसं तिच्या लक्षात आलं की बाईच्या शब्दावर आपला विश्वास बसलाय तो नेमका याचमुळे.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे अकरा दिवस तोंड लपवून बसायचं. चोरासारखं."

"कामावर बसायचं. भट्टी लावायची आहे."

"मी पैसे घेतले होते गं. मोजून घेतले होते या हातांनी."

"आणि घर दिलं. निम्म्या किमतीला नेलं त्यांनी. ते कुणी मोजलं?"

"ते त्यांच्यापाशी. माझं माझ्यापाशी."

वाद रात्रीच्या जेवणापर्यंत पुरला. शेवटी वन्संनी ताट आपटलं. "अरे, माझं वय बघ. या वयात मला कुणाच्या दारात झोपायला लावू नकोस." तेव्हा कुठे तो म्हणाला, "बरं. पैसा देणार नाही, कंपनीच्या कागदावर सही करणार नाही. झालं समाधान?"

पुढचे दोन दिवस भट्टी लावण्यात गेले. तो आत वाकून कौलं रचायचा, ती हातात द्यायची. प्रत्येक कौल तो बोटाने वाजवायचा आणि बद्द आवाजाचं बाजूला टाकायचा. मग जाळ घातला. जाळ घातल्यावर दोन दिवस माणसाने भट्टीच्या तोंडापासून हलायचं नसतं. लाकूड कमी पडलं तर माल कच्चा, जास्त पडलं तर वितळून एकमेकांना चिकटतो. हे लोणीला बहुतेक कुणीतरी सांगितलं असावं. तो नेमका तेव्हाच आला, आणि तेही दोन गिऱ्हाइकं ऑर्डर द्यायला उभी असताना.

"मालक, रागावलात काय?" मऊ आवाजात, पण गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने. "बारा वर्षांची बाकी आहे, मी एक शब्द कडू बोललो का? माणसाने निदान 'आहे' एवढं तरी म्हणावं."

कौलवाला जाळात लाकूड सारत राहिला. चेहरा आधीच लाल झालेला, त्यामुळे शरम दिसली नाही, पण बायकोला त्याची मान दिसत होती. मानेच्या शिरा दोरासारख्या ताठ झाल्या होत्या. गिऱ्हाइकांतला एक जण दुसऱ्याकडे बघून हसला आणि ऑर्डर न देताच दोघे निघून गेले. लोणी तासभर उभा राहिला, मग शर्टावरची राख झटकून गेला.

"याच्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," एवढंच कौलवाला म्हणाला.

भट्टी थंड व्हायला चार दिवस लागले. माल उतरवायच्या दिवशी मुदतीचे तीन दिवस उरले होते. बायको भट्टीच्या आत होती. आत अजून धग होती. हाताला फडकी गुंडाळून ती कौलं काढत होती आणि नाकातोंडात राख जात होती. माल फर्मास उतरला होता. फार दिवसांनी तिला जरा हलकं वाटत होतं, आणि आत काम करणाऱ्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही.

ती बाहेर आली तेव्हा ट्रॅक्टर गेलेला होता आणि रचलेल्या थप्पीतून दोन ओळी गायब होत्या.

"कौलं कुठे गेली?" तिने विचारलं.

वन्संनी भावाकडे पाहिलं. तो फुटकी कौलं वेचत होता. "तो आला होता," तो म्हणाला. "त्याच्या घरच्या शेडवरचा पत्रा उडालाय म्हणे. दोनशे कौलं मागितली. पैसे नकोत म्हणाला, सही नको म्हणाला. दारात आलेल्या माणसाला..."

"दिलीत?"

"दिली."

तिला एकदम चिठ्ठी आठवली. भट्टीवरून निघणाऱ्या प्रत्येक खेपेबरोबर ट्रॅक्टरवाल्याच्या हातात चिठ्ठी द्यावी लागायची. किती माल, कुणाला, आणि रोख, उधार की कशापोटी. चोरीचा माल फार व्हायला लागल्यापासून चिठ्ठीशिवाय नाक्यावर गाडी सोडत नसत; तिथे ती वहीत उतरवून घेत आणि मग माल घेणाऱ्याच्या हाती देत. कौलवाल्याने अशा हजारो चिठ्ठ्या लिहिल्या होत्या आणि एकीवरही कधी खोटं लिहिलं नव्हतं.

"चिठ्ठीवर काय लिहिलंत?"

त्याने आणखी एक फुटकं कौल उचललं.

"अहो, काय लिहिलंत?"

"जुन्या बाकीपोटी," तो म्हणाला. "दुसरं काय लिहिणार? रोख नव्हती. उधार म्हणावं तर त्याचं माझ्याकडे निघतंय. जे खरं ते लिहिलं."

"खाली सही?"

"सही तर नेहमीच असते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला वेळ नव्हता. हाताची फडकी तिने तिथेच टाकली आणि पळत सुटली.

एक बरं होतं. ट्रॅक्टरवाल्याला सगळे 'वादळ' म्हणत, कारण तो पायी चालणाऱ्याच्याही मागे राहायचा. रस्ता टेकडीला वळसा घालून जात होता. ती टेकडीवरून सरळ उतरली. दगडांनी टाचांच्या भेगा उकलल्या, राखेने भरलेल्या छातीत श्वास मावेना. एकदा ती पडली, तळहात सोलपटले, उठून पुन्हा पळाली. बारा वर्षं तुडवलेली माती तिच्या डोळ्यांपुढे येत होती. या उन्हात आपण कुणासाठी पळतोय आणि कुणाच्या विरुद्ध, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

नाक्याचा दांडा आडवा होता. वादळ गाडीवरून खाली उतरून खिशातली चिठ्ठी काढत होता, आणि दांड्यापलीकडे मोटारसायकलला टेकून लोणी उभा होता. नाकेवाल्याचा हात पुढे झाला, तेवढ्यात तिने चिठ्ठी वरच्यावर घेतली.

"चिठ्ठी चुकलीय," ती म्हणाली. पुढे बोलायला श्वासच नव्हता.

"वहिनी, मालकांनी माझ्यासमोर लिहिलीय," लोणी म्हणाला. त्याच्या आवाजातला मऊपणा जरा कमी झाला होता.

"लिहिली असेल. माल माझाही आहे. मी तुडवलाय."

"हे बघा, भांडण घरी," नाकेवाला म्हणाला. "चुकली असेल तर दुसरी द्या. गाड्या खोळंबल्यात मागे."

तिने त्याचंच पेन घेतलं, त्याच्या वहीचा कोरा कागद मागितला आणि खिडकीच्या फळीवर कागद ठेवून सावकाश लिहिलं. सोललेल्या तळहाताचं रक्त कागदाला लागलं. नाकेवाल्याने ते मोठ्याने वाचलं, कारण वाचताना ओठ हलवायची त्याला सवयच होती. "दोनशे कौलं. वसुलीच्या साहेबांना भेट." तो थांबला. "भेट? वहीत असंच लिहू, साहेब? वसुलीवाल्याला भेट?"

मागच्या गाडीवरचा माणूस खो-खो हसला.

लोणीचा चेहरा उतरला. "भेट मला घेता येत नाही. नोकरी जाईल माझी."

"मग रोख लिहिते," ती म्हणाली. "पैसे मोजा आणि न्या. पत्रा उडालाय ना तुमचा?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग कौलांकडे पाहिलं, मग वहीकडे. "परत न्या," तो म्हणाला आणि त्याने मोटारसायकलला किक मारली. त्याच्या कुठल्याच शेडवरचा कुठलाच पत्रा उडाला नव्हता.

ट्रॅक्टरवर बसून ती घरी आली. नवरा कौलं उतरवून घ्यायला लागला. शेवटचं कौल उतरेपर्यंत ती त्याच्या हातात देत राहिली.

"तुम्हाला कळत होतं?" मग तिने विचारलं.

"काय?"

"तशी चिठ्ठी दिली तर काय होईल, ते."

तो थप्पीवर हात ठेवून उभा राहिला. "कळत होतं," तो म्हणाला. "तीन दिवस राहिलेत हेही कळत होतं. तो समोर उभा राहतो आणि मी त्याला मुक्यासारखा बघतो. मला नाही गं जमत. वाटलं, एकदाचं लिहून टाकावं."

"आणि मी? वन्सं?"

तिने चुरगळलेली चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. "तुमची सही आहे, तुमच्यापाशी ठेवा. द्यायची असेल तर द्या. पण मला सांगून, माझ्यासमोर. मी भट्टीत असताना नको."

असं म्हणताना तिला वाटलं होतं की तो ती लगेच फाडेल. त्याने ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

ते तीन दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. ती माती तुडवी आणि त्याच्या खिशाकडे बघे. तो साच्यावर वाकला की घडीचं टोक वर येई. तिसऱ्या दिवशी दुपारी लोणी आला. या वेळी पाणी मागितलं नाही, कौतुक केलं नाही. कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, "मालक, आजचा शेवटचा दिवस. तुम्हालाही माहीत आहे, मलाही. मी तुमच्यावर सोडतो. तुम्ही प्रामाणिक माणूस आहात."

यापेक्षा धारदार शस्त्र त्याच्याकडे नव्हतं, आणि ते त्याने बरोबर ओळखलं होतं.

कौलवाल्याचे हात थांबले. एक हात वर गेला, खिशावर जाऊन टेकला. बायको चिखलात उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. 'द्यायची असेल तर द्या' म्हणून बसली होती ना! वन्सं ओलं कौल हातात तसंच धरून उभ्या राहिल्या. कौलवाल्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, बायकोच्या गुडघ्यांपर्यंत चढलेल्या मातीकडे पाहिलं. मग हात खाली घेतला आणि मातीचा गोळा उचलला.

दिवस मावळेपर्यंत लोणी उभा होता. तो गेल्यावर कौलवाला भट्टीमागे गेला आणि पोटातलं सगळं ओकला. बायकोने पाणी नेऊन दिलं. परत आल्यावर त्याने खिशातली चिठ्ठी काढली, बारीक फाडली आणि तिने तुडवून ठेवलेल्या मातीत टाकली.

त्यानंतर आठवडा झाला. कुणी आलं नाही, पत्र आलं नाही. आणि कौलवाला जेवेना. समोरचं ताट चिवडून उठायचा. एके दिवशी सकाळीच त्याने स्वच्छ शर्ट घातला आणि म्हणाला, "त्या बाईंकडे जाऊ. मला एक विचारायचंय."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तो खुर्चीच्या काठावर बसला, बायको दाराशी उभी राहिली. सल्लागार बाईने कागद पुन्हा पाहिले, कोर्टाची काही नोटीस आली का ते विचारलं, कुठे काही लिहून दिलंय का ते विचारलं.

"मुदत संपलेली दिसते," ती म्हणाली. "या कागदांवरून तरी आता कोर्टातून कुणी तुमच्याकडून वसूल करू शकणार नाही. पुढे पत्र आलं तर सही न करता इकडे घेऊन या."

"ते समजलं," कौलवाला म्हणाला. "पण देणं संपलं का?"

"वसुलीची मुदत संपली."

"ते नाही विचारत मी. देणं. देणं संपलं का?"

बाईने चष्मा काढला. "तुम्हाला स्वतःहून काही द्यावंसं वाटलं तर कुणी अडवणार नाही. नाही दिलंत तर कुणी पकडणार नाही. यापुढचं मला सांगता येत नाही."

"मग कोण सांगणार?"

"मी बाजू घेत नाही," बाई म्हणाली. "घेतली असती तर तुम्ही माझ्याकडे आला नसतात."

तो उठला, हात जोडले आणि बाहेर आला. अर्धा जिना उतरला आणि मधल्याच पायरीवर बसला. दोन्ही हातांत तोंड धरून तो रडायला लागला. घर गेलं त्या दिवशी तो रडला नव्हता, भट्टी ढासळली तेव्हाही नाही. पुस्तकं घेऊन येणारी-जाणारी माणसं अंग चोरून बाजूने जात होती. बायको त्याच्या शेजारी टेकली. तिला म्हणायचं होतं की संपलं, तुम्ही घर दिलंत, बारा वर्षं दिलीत, आणखी काय उरलंय! पण ती पडली त्याची बायको. त्याला जे ऐकायचं होतं ते त्याच्या बाजूच्या नसलेल्या कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि तसं म्हणणारं जगात कुणी नव्हतं.

तरी ती म्हणाली, "संपलं हो."

"तू तर म्हणणारच," तो म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठला.